ग्रुप आपल्या पसंतीचा नसेल तर मार्क जातात का?

प्रोजेक्टचे ग्रुप पडले की पंधरा दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे येतोच: "मॅडम, ग्रुपमध्ये सगळे वेगवेगळ्या तऱ्हेचे आहेत. माझा पॉइंटर घसरणार का?"

यंदा तो घेऊन आली मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची, कोल्हापूरच्या राजारामपुरीत वाढलेली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) ग्रुप चिठ्ठ्या टाकून पाडलेले. सोबत शाळेपासूनची मैत्रीण, पन्हाळा तालुक्यातला एक मुलगा, पाटण्याहून आलेला एक आणि डिप्लोमा करून आलेला, संध्याकाळी शिरोली एमआयडीसीत कामाला जाणारा एक. विषय होता, गुऱ्हाळाच्या चुलवाणात, म्हणजे उसाचा रस आटवायच्या भट्टीत, उष्णता कुठं वाया जाते.

"ते तिघं बोलतच नाहीत ओ मॅडम. सगळं आम्ही दोघीच करतोय."

चर्चा कुठं होते? व्हॉट्सॲपवर, इंग्रजीत. बैठक? संध्याकाळी सहाला. म्हणजे कामावर जाणारा आपोआपच बाहेर. आणि पहिल्या बैठकीत पन्हाळ्याच्या मुलाच्या हेलावर मैत्रीण हसली होती, हे तिनं उठता उठता सांगितलं. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यानंतर तो पोरगा गप्पच होता.

मिश्र ग्रुपमुळं निकाल बिघडतो, हे सरसकट खरं नाही. वॉटसन, कुमार आणि मायकेलसन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांचे ग्रुप १७ आठवडे पाहिले. सुरुवातीला एकाच संस्कृतीतल्या मुलांचे ग्रुप पुढं होते. शेवटी एकूण कामगिरीतला फरक मिटला, आणि प्रश्नाकडं किती बाजूंनी पाहिलं, किती पर्याय काढले, यात मिश्र ग्रुप सरस ठरले. त्यांना आपण एकत्र काम कसं करतोय याचा अभिप्रायही वेळोवेळी मिळत होता. आपल्याकडं दुसऱ्या आठवड्यातच 'हा ग्रुप बेकार' म्हणून मुलं मोकळी होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय गटात सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच चर्चा फिरत राहते. एकट्यालाच ठाऊक असलेलं त्याच्याकडंच राहतं. म्हणून मी सुचवलं, बैठक रविवारी सकाळी घ्या. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. गुऱ्हाळाबद्दल जे माहीत आहे ते प्रत्येकानं कागदावर लिहायचं. मराठी, हिंदी, काहीही चालेल. मग एकेकानं वाचायचं. हसण्याचा विषय मात्र मैत्रिणीनं स्वतः त्या मुलाशी बोलून मिटवायला हवा, हेही स्पष्ट सांगितलं.

त्या मुलाच्या चुलत्याचं गुऱ्हाळ निघालं! त्यानं लिहिलं होतं: 'चिपाड वलं असलं की चुलवाण नुसता धूर मारतंय. म्हणून आदी उनात वाळवायचं.' चिपाड म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, तेच चुलवाणाचं जळण. ग्रुपच्या हिशेबात ते पूर्ण कोरडं धरलेलं. ताज्या चिपाडात साधारण निम्मं पाणीच असतं आणि ते उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते. सगळं गणित नव्यानं मांडावं लागलं. डिप्लोमावाल्यानं तापमान मोजायची जोडणी करून दिली.

पाटण्याचा मुलगा दोन रविवार आलाच नाही. तिला वाटलं, हाही भाषेचाच प्रश्न. मी म्हटलं, आधी त्याला एकट्याला गाठून हिंदीत विचार, काय अडचण आहे. तरीही काम अंगाला लावून घेत नसेल, तर ती कामचुकारी. त्याचा गावाशी, भाषेशी संबंध नाही. कुणी काय केलं त्याची तारीखवार नोंद ठेव आणि गाईडना आत्ताच दाखव, सबमिशनच्या आदल्या दिवशी नको.