वर्ड, कोरल (डिझाइन करायचा कोरलड्रॉ प्रोग्रॅम) यांत एवढी बटणं असतात, नको ती काढून टाकता येतात का? आणि काढावीत का?

काढता येतात. पण कुठली काढायची हे ठरवताना गफलत होते. माझी झाली होती.

बेळगावात शहापूरला माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, बिलबुकं. निम्मं काम मराठीत, निम्मं कन्नडमध्ये. मुलगा खानापूरचा आणि मुलगी धारवाडकडची असली की एकाच पत्रिकेत दोन्ही. एका रविवारी निवांत बसून वर्डमधलं 'हे कधी लागत नाही' असं सगळं उडवलं. स्क्रीन कशी लख्ख झाली! दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत, संध्याकाळी कामाला येणारा चिकोडीकडचा पोरगा विचारतो, "अण्णा, मेलिंग्ज कुठं गेलं?" पाकिटांवर दोनशे नावं छापायची होती, आणि ती सोय त्याच मेलिंग्ज टॅबमध्ये.

तेव्हा कळलं, न लागणारं बटण गप्प पडून असतं, त्याचा काही त्रास नसतो. त्रास होतो तो लागणाऱ्या बटणाला खेटून बसलेल्याचा. कोरलमध्ये इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट शेजारी शेजारी. घाईत मी दहादा चुकीचं दाबायचो. एक्स्पोर्टला कंट्रोल+ई हाताला बसलेलं होतंच, म्हणून ते बटणच काढलं. ऑल्ट दाबून धरायचं आणि बटण पट्टीवरून ओढून बाहेर सोडायचं, झालं. म्हणून आधी आठवडाभर शेजारी कागद ठेवा आणि चुकून काय काय दाबलं जातं तेवढं टिपा. काढायची यादी तीच.

वर्डची रिबन, म्हणजे वरची टॅब आणि बटणांच्या गटांची रुंद पट्टी, 2007 साली आली, पण तिच्यात हवे तसे फेरफार करण्याची सोय 2010 पासूनची. तिथंही मूळ गटातलं एकच बटण काढता येत नाही, अख्खा गट काढावा लागतो. त्यापेक्षा रोजची सहा-सात बटणं राइट क्लिक करून क्विक ॲक्सेस पट्टीवर (रिबनलगतची छोटी पट्टी) घ्या आणि कंट्रोल+एफ1 ने रिबन मिटवून टाका. पट्टीवरचं पहिलं बटण ऑल्ट+1, दुसरं ऑल्ट+2, असं चालतं. वर्डऐवजी लिबरऑफिस हा फुकटचा प्रोग्रॅम असेल तर व्ह्यू मेनूमधल्या युजर इंटरफेसमध्ये 'सिंगल टूलबार' निवडा, बाकी काही करायला नको.

एकदा लावलं की सारखं हलवू मात्र नका. ऑफिस 2000 मध्ये कमी वापरातल्या गोष्टी मेनू आपणहून लपवायचा. हेतू चांगला, पण काल तिसरी असलेली ओळ आज दुसरी. हाताला सवय लागणार कशी? पुढे 2007 मध्ये ते गेलंच.

काही बिघडलं तर कोरल सुरू होताना एफ8 दाबून धरा, सगळं मूळपदावर येतं. पण आपण केलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी वर्कस्पेस (आपण लावलेली मांडणी) एक्स्पोर्ट करून ठेवा. वर्डमध्येही बदलांची फाइल काढून ठेवता येते.

एका कॉम्प्युटरवर दोघं बसत असाल तर विंडोजचं लॉगिन वेगळं करा. आता पोराचं वेगळं आहे, आणि त्यात कंपनीनं दिलेली सगळीच्या सगळी बटणं तशीच आहेत. "मला काय त्रास होत नाही अण्णा," म्हणतो. खरंच होत नसावा, पत्रिका माझ्याआधी त्याचीच तयार असते.