ॲम्प सिम्युलेटर पेडल हेडफोनवर छान वाजते, मग ॲम्पमध्ये का गुदमरते?

तुमचा प्रश्न असा आहे: ओव्हरड्राइव्ह, डिले आणि रिव्हर्ब ही तीन पेडल आणि एक लहान कॉम्बो ॲम्प (ॲम्प व स्पीकर एकाच खोक्यात) तुमच्याकडे आहे. नव्याने घेतलेले ॲम्प सिम्युलेटर पेडल हेडफोनवर उत्तम वाजते, पण तेच कॉम्बोच्या इनपुटला जोडले की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. शिवाय ते पेडलच्या साखळीत नेमके कुठे ठेवावे, हेही तुम्हाला ठरवता येत नाही.

पेडल बिघडलेले नाही. त्याचा आकार पेडलचा असला तरी त्याचे काम पेडलचे नाही, एवढाच घोटाळा आहे. त्या डबीत प्री-ॲम्प (आवाजाला रंग देणारा पहिला टप्पा), पॉवर ॲम्प (स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा दुसरा टप्पा), स्पीकरचे कॅबिनेट म्हणजे खोके आणि कॅबिनेटसमोर ठेवलेला माइक अशी अख्खी मांडणी भरलेली असते. म्हणून ते साखळीत कुठे लावायचे, हे ठरवण्याआधी त्याच्या पुढे काय जोडायचे आहे, ते पाहावे लागते.

गिटारचा स्पीकर ही वस्तू मुळात विचित्र आहे. बारा इंची स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचे ध्वनी झपाट्याने गाळून टाकतो आणि डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजातून, निघणारी चरचर त्यातच अडकते. तुम्हाला पडताळून पाहायचे असेल, तर हेडफोन लावून पेडलवरील कॅबिनेटचा भाग क्षणभर बंद करा. कानाशी गांधीलमाशी घोंगावल्यासारखा आवाज ऐकू येईल. हेडफोन, ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारे यंत्र) किंवा सभागृहातील पीए (लाउडस्पीकर यंत्रणा) हे सगळे ध्वनी जवळजवळ जसाच्या तसा ऐकवतात, त्यामुळे तिथे ही गाळणी पेडलने पुरवावी लागते. पेडल हे काम बहुधा इम्पल्स रिस्पॉन्सच्या, म्हणजे आयआरच्या साहाय्याने करते: खऱ्या कॅबिनेटमधून एक चाचणीचा ध्वनी वाजवून माइकने टिपलेला त्याचा ठसा. 48,000 हर्ट्झच्या सॅम्पलिंगवर 1,024 नमुन्यांचा असा ठसा जेमतेम 21 मिलिसेकंदांचा असतो, पण तेवढ्यात कॅबिनेटचा स्वभाव पुरेसा उतरतो.

आता कॉम्बोमध्ये काय घडते ते पाहा. पेडलमधून एकदा गाळून आलेला आवाज कॉम्बोच्या प्री-ॲम्पमध्ये शिरतो, तिथे त्यावर दुसऱ्या ॲम्पचा रंग चढतो आणि शेवटी तो खऱ्या स्पीकरमधून दुसऱ्यांदा गाळला जातो. मी स्वतः तीन आठवडे याच जोडणीवर सराव केला. आवाज उघडत नाही म्हणून ट्रेबल वाढवत राहिलो, तारा बदलल्या, केबलही बदलली, आणि कॅबिनेट चालू-बंद करणारे बटण पेडलवरच आहे हे मात्र पाहिले नाही.

तेव्हा कॉम्बोबरोबर वाजवताना कॅबिनेटचा भाग बंद करा. कॉम्बोच्या मागे इफेक्ट्स लूप, म्हणजे प्री-ॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मधली जोडणीची जागा, असेल, तर पेडलची तार समोरच्या इनपुटऐवजी लूपच्या ‘रिटर्न’मध्ये लावा, म्हणजे कॉम्बोचा प्री-ॲम्प पूर्णपणे वगळला जाईल आणि त्याचा फक्त पॉवर ॲम्प व स्पीकर कामाला येतील. लूप नसेल, तर क्लीन चॅनल निवडून पेडलचा आउटपुट कमी ठेवा. फेंडर धाटणीच्या ॲम्पमध्ये बेस आणि ट्रेबल बरेच खाली व मिडल बरेच वर ठेवल्यास त्याची स्वतःची छाप सर्वांत कमी पडते. आकडे पाहून ही मांडणी चुकीची वाटेल, पण कानाला ती पटेल. एवढे करूनही समाधान झाले नाही, तर मी कॉम्बोवर सिम्युलेटर वापरण्याचा हट्ट सोडेन; चांगल्या कॉम्बोला दुसऱ्या ॲम्पची नक्कल करायला लावण्यात फारसा अर्थ नाही.

साखळीचा क्रम त्यामानाने सोपा आहे. ओव्हरड्राइव्ह सिम्युलेटरच्या आधी, डिले आणि रिव्हर्ब त्याच्या नंतर. डिले आधी ठेवल्यास त्याचे प्रतिध्वनी आणि तुम्ही नव्याने वाजवलेले स्वर एकत्रच डिस्टॉर्शनमध्ये जातात आणि सगळ्याचा चिखल होतो. फरक पाडणारी सीमा प्री-ॲम्प व पॉवर ॲम्पच्या डिस्टॉर्शनची आहे, कॅबिनेटची नाही. मोनो जोडणीत डिले कॅबिनेटच्या अलीकडे असला काय किंवा पलीकडे असला काय, कानाला जवळपास सारखेच ऐकू येते. अगदी क्लीन आवाजात मात्र डिले आधी ठेवूनही चालतो, आणि काहींना तोच गोडवा आवडतो.

ओव्हरड्राइव्हबाबत नवशिक्या वादकाची एक सवय असते, माझीही होती: पेडलचा ड्राइव्हही वर आणि सिम्युलेटरचा गेनही वर. त्याऐवजी पेडलचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून पाहा. ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्हच्या जातीचे पेडल साधारण 720 हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी डिस्टॉर्ट करते, त्यामुळे तळहाताने दाबून वाजवलेली जाड ‘ई’ तार भसाभस फुटण्याऐवजी घट्ट, ठोक्यासारखी वाजते.

घरी जमवलेला आवाज बँडबरोबर बिघडतो, त्याचे कारण बहुतेक वेळा कानातच असते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवून दिले होते की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी तीव्र ध्वनी कमी जाणवतात. रात्री हेडफोनवर हळू वाजवताना आपण नकळत दोन्ही वाढवून ठेवतो, आणि तेच सेटिंग मोठ्याने लावले की खालून घुमते व वरून टोचते. म्हणून अंतिम सेटिंग मोठ्या आवाजातच करा. माझ्या पेडलवर 90 हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे ध्वनी कापणारी गाळणी) आणि 7,000 हर्ट्झच्या आसपास हाय-कट (त्यावरचे कापणारी) कायम असतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर 82 हर्ट्झचा असल्याने हा लो-कट एकट्याने वाजवताना थोडा खटकतो, पण बेस गिटार आणि किक ड्रम सुरू झाले की ती जागा त्यांचीच असल्याचे कळते.

वीजपुरवठ्याकडेही लक्ष द्या. अशी डिजिटल पेडल 9 व्होल्टवरच चालत असली तरी पुष्कळदा 300 ते 500 मिलिॲम्पिअर खेचतात. उदाहरणार्थ, स्ट्रायमन इरिडियम या सिम्युलेटर पेडलला 500 लागतात. इतर पेडलसह एकाच ॲडॉप्टरच्या माळेत त्यांना गुंफले की बारीक शिट्टी ऐकू येण्याची शक्यता असते. स्वतंत्र, आयसोलेटेड (एकमेकांपासून विलग) आउटपुट असलेला पुरवठा घेतल्यास ही कटकट बहुधा मिटते.

कार्यक्रमात थेट मिक्सरला जोडायचे असेल, तर कॅबिनेट चालू ठेवून डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) किंवा पेडलवर बॅलन्स्ड आउटपुट असेल तर त्यातून सिग्नल द्या आणि पेडलमधून थेट देत असाल, तर त्या चॅनलचा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा (मिक्सर माइकच्या तारेतून पाठवतो ती वीज) बंद आहे ना, हे आधी विचारून घ्या. तुमच्या पेडलमध्ये दोन आउटपुटना वेगवेगळे सेटिंग देण्याची सोय असल्यास सर्वांत सुखाची जोडणी अशी: एक आउटपुट कॅबिनेटसह मिक्सरला, दुसरा कॅबिनेटविना तुमच्या कॉम्बोच्या रिटर्नला. प्रेक्षकांना माइक लावलेल्या ॲम्पसारखा आवाज मिळतो आणि तुमच्या पाठीशी खरा स्पीकर हवा हलवत राहतो. मी दोन्ही जॅकजवळ चिकटपट्टीवर ‘मिक्सर’ आणि ‘कॉम्बो’ असे लिहून ठेवले आहे, कारण मंचावरच्या अंधारात घाईने तारा उलट लागल्या की पुन्हा तीच घोंगडी कॉम्बोवर आणि तीच गांधीलमाशी पीएमध्ये.