'गाभण नर' की 'ओटीत घातलेली अंडी'?

कोथरूडच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. शाळेच्या हस्तलिखितासाठी त्या पाईपफिशवर, म्हणजे नळीमाशावर लेख लिहीत आहेत. या माशांत अंडी मादीची, पण पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती वागवतो नर. मग 'गाभण नर' लिहिलं तर चालेल का?

माझं मत, नको. 'गाभण' हा शब्द संस्कृत 'गर्भिणी'वरून आला. स्त्रीलिंग त्याच्या मुळातच आहे. गाय गाभण, म्हैस गाभण. 'गर्भधारी नर' व्याकरणात बसतो, पण मुलांच्या तोंडी रुळणार नाही.

मला 'ओटी' सुचवावासा वाटतो. नवरात्रात चतुःशृंगीला ओटी भरायला रांगा लागतात, त्यामुळे हा शब्द ऐकला की खण-नारळच डोळ्यांपुढे येतात. पण ओटी म्हणजे पदर दुमडून पुढे केलेली खोळसुद्धा. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला बांधतात, ती हीच. सिंग्नॅथस या प्रजातीच्या नराला शेपटीच्या खालच्या अंगाला अशीच खोळ असते. दोन्ही बाजूंनी कातडीच्या घड्या येतात आणि मधोमध मिळतात. मादी तिच्यात अंडी सोडते, ती फळतात आतच, आणि वाढत्या पिल्लांना प्राणवायू मिळतो तो बापाच्या रक्तातून. शिवाय आपलं लेकरू दुसऱ्याच्या हवाली करणं याला मराठीत 'ओटीत घालणं' म्हणतात! मादी नेमकं तेच करते. इतका चपखल वाक्प्रचार घरात असताना 'पिशवी'वर का थांबायचं?

मात्र सगळ्याच नळीमाशांना ओटी नसते. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्याला आणि भूमध्य समुद्रात राहणाऱ्या नेरोफिसच्या नराला खोळ मुळीच नाही. अंडी त्याच्या पोटाला उघडीच चिकटलेली असतात. तिथे 'पोटाशी वागवतो' म्हणावं. समुद्रघोडाही याच कुळातला, पण त्याची ओटी जवळजवळ पूर्ण मिटलेली, वर एक तोंड तेवढं. (त्याला 'पाणघोडा' मात्र लिहू नका, तो नदीतला हिप्पोपोटॅमस.)

तेव्हा सिंग्नॅथसबद्दल बाईंनी असं लिहावं : 'मादी आपली अंडी नराच्या ओटीत घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर ती वागवतो.'