'ब्रँड पुनरुज्जीवित केला' म्हणजे नेमकं काय परत आलं?

अमेरिकन व्हिस्कीवरच्या लेखाचं भाषांतर करणाऱ्या एका वाचक ताईंनी पुढचं वाक्य पाठवलंय: 'जेम्स ई. पेपर हा दुर्मीळ विंटेज बर्बन ब्रँड २००८ मध्ये एका उद्योजकाने आधुनिक व्हिस्की संग्राहकांसाठी पुनरुज्जीवित केला.' त्या विचारतात, 'पुनरुज्जीवित' फार जड होतंय का, 'जीर्णोद्धार' चालेल का, आणि 'विंटेज'ला मराठीत काय म्हणायचं?

ताई, वाक्य व्याकरणात चोख आहे. पण 'पुनरुज्जीवित' वाचून नक्की काय जिवंत झालं ते समजत नाही. नाव, भट्टी, कृती की जुनी दारू? बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्यापासून गाळलेल्या अमेरिकन व्हिस्कीच्या, धंद्यात या चार गोष्टी चार दिशांना गेलेल्या असतात, आणि एकीसाठी योग्य असलेलं क्रियापद दुसरीला लावलं की वाचकाची चक्क दिशाभूल होते.

जेम्स ई. पेपरचंच बघा. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरातली ही भट्टी १९५८ साली थंडावली. पुढे नावही वापरातून गेलं. अमेरिकी कायद्यात एखादा ट्रेडमार्क सलग ३ वर्षं वापरला नाही, तर मालकाने तो सोडून दिला असं धरायला सकृद्दर्शनी आधार मिळतो. असं सुटलेलं नाव नव्या माणसाला रीतसर मागता येतं. २००८ साली परत आलं ते एवढंच, म्हणजे नाव. सुरुवातीच्या बाटल्यांतली व्हिस्की शेजारच्या इंडियाना राज्यात, लॉरेन्सबर्गच्या मोठ्या कारखान्यात गाळलेली होती. यात लबाडी नाही. तयार व्हिस्की विकत घेऊन आपल्या नावाने बाटलीबंद करणं या धंद्यात सर्रास चालतं. पण याला पुनरुज्जीवन म्हणायला माझं मन घेत नाही. आपल्याकडे यासाठी 'दत्तक' हा नेमका शब्द आहे. वंश खुंटला, दत्तक घेतला, घराण्याचं नाव पुढे चाललं. नाव तेच, रक्त वेगळं, आणि तरीही वारस पूर्णपणे कायदेशीर. 'सुटलेलं नाव दत्तक घेतलं' असं लिहिलंत तर वाचकाला व्यवहार अचूक कळेल. २०१७ च्या डिसेंबरात मात्र लेक्सिंग्टनच्या त्याच जुन्या आवारात भट्टी पुन्हा पेटली. 'पुनरुज्जीवन' हा शब्द मी त्या दिवसापासून वापरेन.

'जीर्णोद्धार' चांगला शब्द आहे, पण तो वास्तूचा असतो. देवळाचा, घाटाचा, वाड्याचा. बर्बनच्या जगातही त्याला हक्काची जागा आहे. केंटकीत फ्रँकफर्टजवळ कर्नल टेलरने १८८७ साली किल्ल्यासारखी दगडी भट्टी बांधली. १९७२ मध्ये ती बंद पडली आणि वेलींनी झाकून गेली. नव्या मालकांनी ती दुरुस्त करून २०१८ साली 'कॅसल अँड की' या नावाने लोकांसाठी खुली केली. हा खराखुरा जीर्णोद्धार. पण 'ओल्ड टेलर' हे मूळ नाव त्यांना मिळालं नाही, कारण ते २००९ सालीच सॅझरॅक कंपनीने विकत घेतलं होतं. वास्तू एकाकडे, नाव दुसऱ्याकडे. 'ओल्ड टेलरचा जीर्णोद्धार' असं लिहिलं तर यातलं काय ते कसं कळणार?

आणि जे ब्रँड कधी बंद पडलेच नाहीत, फक्त त्यांची रया गेली, त्यांच्यासाठी 'पुन्हा नावारूपाला आणलं' हा रोजच्या वापरातला वाक्प्रचार आहे. 'फोर रोझेस' या नावाखाली अमेरिकेत कितीतरी वर्षं हलक्या प्रतीची मिश्र व्हिस्की विकली जात होती, आणि खरी बर्बन युरोप-जपानला जात होती. २००२ मध्ये जपानच्या किरिन कंपनीने ब्रँड घेतला, मिश्रण थांबवलं आणि अस्सल बर्बन अमेरिकेत परत आणली. इथे 'पुनरुज्जीवन' म्हणणं म्हणजे जित्याजागत्याला आधी मारून मग उठवण्यासारखं आहे.

आता 'विंटेज'. हा शब्द मुळात वाइनचा, द्राक्षं ज्या वर्षीची ते वर्ष सांगणारा. आपल्याकडे तो आला जुन्या गाड्यांबरोबर, आणि 'जुनं पण मौल्यवान' एवढाच अर्थ रुजला. बर्बनच्या बाबतीत तो आणखी वेगळा आहे. केंटकीत १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने परवानाधारक दुकानांना खासगी मालकांकडून 'विंटेज' दारू घेऊन विकायची मुभा दिली. त्यात विंटेज म्हणजे मूळ बाटलीत असलेली, न फोडलेली आणि परवानाधारक घाऊक विक्रेत्यांकडे आता न मिळणारी दारू. म्हणून विंटेज ही बाटली असते. २००८ साली परत बाजारात आलेला ब्रँड विंटेज कसा होईल? तुमच्या वाक्यातलं 'दुर्मीळ विंटेज' हे विशेषण भलत्याच नामाला चिकटलंय.

अशा बाटल्यांना अमेरिकन शौकीन 'डस्टी' म्हणतात. गावोगावच्या दुकानांत मागच्या फळीवर राहून गेलेल्या बाटल्या हुडकायचा हा छंद. मराठीत 'धूळ खात पडलेली बाटली' म्हटलं की काम झालं, वेगळा शब्द घडवायची गरजच नाही.

'जुनी' या शब्दाशी मात्र जपून. व्हिस्की लाकडात मुरते, काचेत मुरत नाही. '१२ वर्षं जुनी व्हिस्की' यातून १२ वर्षं पिंपात होती की १२ वर्षं कपाटात होती, कळत नाही. पिंपातल्या काळासाठी 'मुरलेली' वापरा, लोणच्यापासून माणसापर्यंत आपण तो वापरतोच. बर्बन मुरते ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात. (बॅरलला बिनधास्त 'पिंप' म्हणा. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'पिपा'वरून आलाय, आणि त्यांच्याकडे तो वाइनच्या लाकडी पिंपाचाच होता.) 'जुनी' हे विशेषण बाटलीसाठी राखून ठेवा.

हा फरक जुन्या बाटलीवरच छापलेला असायचा. १८९७ च्या 'बॉटल्ड इन बाँड' कायद्याप्रमाणे व्हिस्की एकाच भट्टीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात निदान ४ वर्षं मुरलेली आणि ५० टक्के मद्यार्काची असावी लागते. तिच्या बुचावरून कर भरल्याची हिरवी कागदी पट्टी चिकटवलेली असे, इतर व्हिस्कीवर लाल. हिरव्या पट्टीवर दोन नोंदी असत: कोणत्या हंगामात गाळली आणि कोणत्या हंगामात बाटलीत भरली. या दोन तारखांमधला काळ ती मुरली. दुसऱ्या तारखेपासून आजपर्यंत बाटली जुनी होत गेली. १९८५ मध्ये या पट्ट्या बंद झाल्या, त्यामुळे पट्टी असली की संग्राहकाला बाटलीचा काळ ताडता येतो. 'ओल्ड फिट्झजेराल्ड' ही बर्बन २०१८ पासून जुन्या घाटाच्या सुरईसारख्या बाटलीत येऊ लागली, तेव्हा हेवन हिल कंपनीने तारखांची पट्टीही मुद्दाम परत आणली. संग्राहकांचा जीव कशात अडकलाय हे त्यांनी बरोबर ओळखलं.

'संग्राहक' उत्तम आहे, तोच ठेवा. 'कलेक्टर' लिहिलंत तर मराठी वाचकापुढे आधी जिल्हाधिकारी उभे राहतील. 'आधुनिक'च्या जागी 'आजचे' पुरे. आणि 'बर्बन' हे लेखन बरोबर आहे. 'बोर्बन' आपल्याकडे बिस्किटाचं नाव म्हणून रुळलंय.

मी वाक्य असं केलं असतं: '१९५८ साली भट्टी थंडावलेल्या जेम्स ई. पेपर या बर्बनचं सुटलेलं नाव २००८ मध्ये एका उद्योजकाने दत्तक घेऊन पुन्हा बाजारात आणलं. या नावाच्या जुन्या बाटल्या दुर्मीळ असल्याने आजच्या संग्राहकांना ते ओळखीचं होतं.' लेखात पुढे २०१७ चा उल्लेख असेल, तर तुमचं 'पुनरुज्जीवन' तिथे घाला.