धुकं पडलंय, पण खाडीत पाणी किती?

थंडी लागली की खाडी, खाजण आणि खारफुटीच्या फोटोंविषयीची पत्रं वाढतात. या अंकात त्यांतली काही निवडक.

आचऱ्याच्या खाडीवर पहाटे धुकं छान असतं, पण कधी समोर नुसता चिखल तर कधी पाणी. नेमका दिवस कसा निवडावा?
(वाचक, मालवण)

पंचांग उघडा. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अर्थात तो ढोबळ आहे, तासाभराचा फरक सहज पडतो. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक हाताशी असेल तर ते वापरा. शिवाय ही वेळ समुद्रकाठची. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा पोचतं. किती उशिरा, ते त्या गावचा होडीवाला अचूक सांगेल.

या हिशोबातून निघणारी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती आपल्या किनाऱ्यावर दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. त्यामुळे खारफुटी गळ्यापर्यंत बुडालेली आणि वर कोवळं ऊन, असा फोटो इथे मिळत नाही. सकाळची भरती येते ती अष्टमी ते दशमीला, आणि ती भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढणारी. पाणी बेताचंच चढतं, पण ओढ कमी असल्यानं प्रतिबिंब स्वच्छ पडतं. भरती पूर्ण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं पाणी जवळजवळ थांबतं, तेवढ्यात काम उरका.

मुळं हवी असतील तर प्रतिपदा-द्वितीया गाठा. उजाडताना पाणी खोल ओसरलेलं असतं. तिवराची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं गाळातून शेकड्यांनी वर आलेली, कांदळाच्या आधारमुळांच्या कमानी उघड्या, आणि ओला गाळ आकाशाचा रंग उचलून धरतो. पंचमी-षष्ठीला मात्र सकाळी पाणी ओसरत असतं. प्रतिबिंबही धड नाही, गाळही धड नाही. आमच्या मते ते दिवस सोडून द्यावेत.

उद्या धुकं पडेल हे आदल्या दिवशी कसं ओळखावं?
(वाचक, दापोली)

संध्याकाळी आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवेत दमटपणा, ही मुख्य खूण. ढग असले की जमिनीची उष्णता अडून राहते आणि धुकं धरत नाही. हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते तो आकडा, दाखवतात. रात्रीचं किमान तापमान त्याच्या दोनेक अंशांत येणार असेल तर निघायची तयारी ठेवा. शेजारी आंब्याचा बागायतदार असेल तर त्यालाच विचारा. मोहोराच्या दिवसांत धुक्यावर त्याच्याइतकी बारीक नजर कुणाची नसते, फक्त तुम्हाला हवं ते त्याला नको असतं!

जागा निवडताना खाडीचं मुख टाळा. पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा तिथलं धुकं आधी विस्कटतो. दोन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या आतल्या वळणांत गार हवा साचते आणि धुकं जास्त वेळ टिकतं.

डोळ्यांना पांढरंशुभ्र दिसणारं धुकं फोटोत मळकट राखाडी येतं. कॅमेऱ्यात दोष आहे का?
(वाचक, चिपळूण)

दोष नाही. समोर जे दिसेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. चौकट धुक्यानं भरली की तो प्रकाश कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय) अधिक ०.७ ते अधिक १ वर ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहा: आलेखाचा डोंगर मधल्या रेषेच्या उजवीकडे हवा, पण उजव्या भिंतीला टेकता कामा नये. सूर्य चौकटीत आला की हाच आकडा शून्यावर किंवा उणे ०.३ वर आणा, नाहीतर सूर्याभोवतीचं धुकं जळून कोरं पडेल आणि ते नंतर परत मिळत नाही.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. पहाटेचा निळा आणि नंतरचा सोनेरी, दोन्ही रंग तो पुसून टाकतो. ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर पक्का करा. फाइल रॉ हवी. जेपीईजीमध्ये धुक्याच्या फिकट छटा ओढताना पट्टे पडतात.

ऑटोफोकस धुक्यात चाचपडत राहतो, कारण त्याला पकडायला कडा मिळत नाही. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) दहापट मोठा करा, जवळच्या एखाद्या फांदीच्या काळ्या कडेवर हातानं फोकस लावा आणि एफ/८ ते एफ/११ ठेवा.

शटरचाही विचार करा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी आयएसओ १०० आणि एफ/८ वर चार-आठ सेकंद सहज लागतात. तेवढ्यात पाण्यावरून सरकणारे धुक्याचे पदर एकमेकांत मिसळून नुसती धूसर चादर उरते. पदर वेगळे दिसायला हवे असतील तर आयएसओ ८०० पर्यंत वाढवा आणि वेळ एका सेकंदाच्या आत आणा.

झाडांमधून येणारी किरणं फोटोत का येत नाहीत?
(वाचक, पनवेल)

तुम्ही बहुधा सूर्याकडे पाठ करून उभे राहता. धुक्याचे थेंब प्रकाश जास्त करून पुढच्या दिशेनं विखुरतात, म्हणून किरणं सूर्याकडे तोंड केल्यावरच उठून दिसतात. आपल्याकडे सूर्य सह्याद्रीच्या बाजूनं येतो, तेव्हा खाडीच्या पश्चिम काठावर उभं राहून पूर्वेकडे पाहा. सूर्य खोडाआड लपेल असे दोन पावलं सरका. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, उलट्या प्रकाशात त्याचे भुताटकी ठिपके उमटतात. डोंगरामुळे ऊन पंचांगातल्या सूर्योदयापेक्षा उशिरा पोचतं, हे वेळ ठरवताना धरा.

हॉटेलातून बाहेर पडल्याबरोबर लेन्सवर बाष्प धरतं. पुसलं की पुन्हा तेच.
(वाचक, अलिबाग)

एसीतला गार कॅमेरा दमट हवेत आला की असंच होणार, आणि पुसत राहिल्यानं काच गरम होत नाही. रात्री बॅग एसीच्या खोलीबाहेर सुरक्षित जागी ठेवा. ते जमत नसेल तर कॅमेरा बंद पिशवीत घालून बाहेर आणा आणि पाऊण तासानं उघडा. उघड्या आकाशाखाली तास-दीड तास उभं राहायचं असेल तर लेन्सवरच दव पडतं. त्यावर हूड लावा आणि लेन्सभोवती हँडवॉर्मरची पुडी रबरबँडनं बांधा.

मोबाइलवर जमेल का?
(वाचक, देवगड)

जमेल. फांदीवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा वर सरकवा. नाइट मोड बंद ठेवा, तो धुकं गुळगुळीत करून टाकतो. झूम खऱ्या टेली लेन्सचा असेल तरच वापरा.

भाट्ये खाडीत ट्रायपॉड रुतत जातो, फोटो हलतात. होडीतून काढले तर?
(वाचक, रत्नागिरी)

पायांखाली चार-पाच इंची चौकोनी फळ्या घाला. करवंट्या नकोत, तळाला गोल असल्यानं डुलतात. मधल्या दांड्याला पिशवी टांगायची सवय इथे सोडा, वजनानं पाय आणखी रुततात. आधी पाय दाबून बसवा, दोन मिनिटं थांबा, मग चौकट जुळवा आणि दोन सेकंदांच्या टायमरवर शटर सोडा.

होडीत ट्रायपॉड निरुपयोगी. इंजिन बंद करायला सांगा, शटर १/२५० किंवा वेगवान ठेवा आणि आयएसओ १६०० पर्यंत जाऊ द्या. ७०-२०० मिमीची लेन्स इथे वाइडपेक्षा उजवी: मागचे-पुढचे झाडांचे थर जवळ येतात आणि धुकं त्यांना वेगळं करतं. वाइडमध्ये बरंचसं रिकामं पांढरंच उरतं.

गाळात गमबूट अडकून पाय मोकळा निघतो, त्यापेक्षा पट्ट्याची घट्ट सँडल बरी. खडकावरची कालवं पाय कापतात. श्वसनमुळांवर पाय देऊ नका, झाड त्यांच्यातून हवा घेतं. वाशिष्ठीच्या काठी मगरी आहेत, तिथे अंधारात पाण्यालगत उतरूच नका.

घरी आल्यावर ट्रायपॉडचे तिन्ही पाय पूर्ण उघडून कुलपांसकट गोड्या पाण्यानं धुवा आणि उघडेच वाळवा. आत राहिलेलं मीठ आठवडाभरात स्क्रू धरतं.