ब्रिटिश संसदेच्या पहिल्या महिला स्पीकर आधी नर्तकी होत्या, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. बेटी बूथरॉइड तरुणपणी 'टिलर गर्ल्स' या नृत्यपथकात होत्या. यॉर्कशरच्या गिरणी कामगाराच्या घरात 1929 साली जन्म, मग मजूर पक्षाचं काम, निवडणुकीत चारदा पराभव आणि 1973 च्या पोटनिवडणुकीत अखेर खासदारकी. 1992 मध्ये बहुमत हुजूर पक्षाचं असूनही त्या 372 विरुद्ध 238 मतांनी स्पीकर झाल्या. पारंपरिक विग त्यांनी घातला नाही. "तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?" असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, "मॅडम म्हणा." पण मला त्यांची खरी उंची दिसते ती जुलै 1993 मध्ये. युरोपियन युनियनची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारावर मजूर पक्षाच्याच दुरुस्तीला 317-317 अशी समान मतं जाहीर झाली आणि त्यांनी आपलं निर्णायक मत प्रथेप्रमाणे दुरुस्तीच्या विरोधात टाकलं. हे सगळं हॅन्सार्डमध्ये, म्हणजे कॉमन्स या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या अधिकृत कार्यवृत्तात, वाचायला मिळतं. 2000 मध्ये त्या पायउतार झाल्या, 2023 मध्ये वारल्या. एक मात्र लक्षात घ्या: निवडून आलेल्या पहिल्या महिला स्पीकर त्याच, पण त्या खुर्चीत बसून कामकाज चालवणाऱ्या पहिल्या महिला बेटी हार्वी अँडरसन. त्या 1970 पासून उपाध्यक्षांपैकी एक होत्या.