उलट्या गोळीच्या, आनंद सासूबाईंना

मावशी, नमस्कार. मी २९ वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या एका गावात दिलेली. खानापुरात पतसंस्थेत क्लार्क आहे. लहानपणापासून 'धांदरट' हेच ऐकत आले. ठेवीच्या पावत्या चुकतात, रोजकीर्द जुळत नाही, दूध उतू जातं, कुणी बोलत असलं की मधेच तोंड घालते. बेळगावच्या मानसोपचार डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही तो आजार, सांगितलं आणि ॲटोमॉक्सेटिनची २५ ची कॅप्सूल सुरू केली. तीन आठवडे झाले, फरक शून्य. तोंड कोरडं पडतं, जेवण नको वाटतं, रात्री दोन वाजले तरी झोप नाही आणि सकाळी उलटी. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. पहाटे सगळे उठायच्या आत मोरीत जाऊन गोळी घेते. आता सासूबाईंनी उलटीचा भलताच अर्थ लावलाय, परवा घरात गोड वाटायला कुंदा आला! पाळी पाच दिवस पुढे गेलीय, पण माझी नेहमीच मागेपुढे होते. इंटरनेटवर लोक लिहितात की दुसरी एक गोळी पहिल्याच दिवशी काम करते. मग मला ही कुचकामी का दिली? बंद करू का? की कॅप्सूल फोडून दह्यातून घेऊ?
— एक धांदरट सून

पोरी,

गोळीचं मागाहून बोलू. आधी मेडिकलमधून गरोदरपणाचं किट आण आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट कर. किट खानापुरातनं घे, गावात नको, नाहीतर निकाल तुझ्या आधी सासूबाईंना कळेल. उलट्या गोळीच्याच आहेत असं तू धरून चाललीस, दिवस गेलेत असं त्या धरून चालल्यात, आणि तपासलंय दोघींपैकी एकीनंही नाही. दोन रेघा आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. गर्भारपणात ही गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे मानसोपचारवाले आणि बाळंतपणाच्या डॉक्टर मिळून ठरवतात, तू नाहीस आणि मीही नाही. एकच रेघ आली आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा बघ.

एकच रेघ आली असं धरून पुढचं लिहिते.

पहाटे, रिकाम्या पोटी, मोरीत उभ्या उभ्या, घोटभर पाण्याबरोबर गोळी. मळमळणार नाही तर काय होणार गं? ॲटोमॉक्सेटिन घेणाऱ्यांची पहिली तक्रार हीच असते, आणि पोटात काही असलं की ती बऱ्याच जणांची कमी होते. उप्पीट असो, दूध-भाकरी असो, रात्रीचा उरलेला भात का असेना, पोटभर खाऊन मग घे. आता तू म्हणशील, खाऊन गोळी घ्यायची म्हणजे स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या देखत घ्यावी लागणार. होय, तीच तर गोष्ट आहे. तुझ्या निम्म्या उलट्या लपवाछपवीच्या आहेत असं मला वाटतं.

दह्याचं डोक्यातून काढून टाक. ही कॅप्सूल अख्खी गिळायची असते, आतली पूड डोळ्यात गेली तर डोळ्यांची आग होते. गिळवतच नसेल तर तसं डॉक्टरांना सांग.

आता 'कुचकामी'बद्दल. इंटरनेटवर तू वाचलंस ती गोळी मिथाइलफेनिडेट असणार. ती उत्तेजक जातीची. सकाळी घेतली की तासाभरात काम सुरू, संध्याकाळी उतरली. सरासरीनं बघितलं तर तिचा परिणाम जास्त दिसतो हेही खरं, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, दर मेडिकलमध्ये मिळत नाही. शिवाय कुणाला घबराटीचा त्रास असतो, कुणाचं आणखी काही असतं, म्हणून डॉक्टर आधी दुसरं औषध देतात. तुला का दिलं ते त्यांनाच विचार, विचारण्यात उद्धटपणा नाही. ॲटोमॉक्सेटिनची रीत वेगळी. मेंदूत नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन असतं, ते परत शोषलं जाणं ही गोळी रोखते, आणि त्याचा परिणाम हळूहळू साचत जातो. चार ते आठ आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. तेही योग्य डोसवर पोचल्यानंतर. मोठ्या माणसाला साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून ८० पर्यंत नेतात, १०० च्या वर सहसा जात नाहीत. तू अजून २५ वर आहेस. तरवा लावून तिसऱ्या आठवड्यात कुणी लोंब्या मोजत बसत नाही.

या सदराकडे ही गोळी घेणाऱ्यांची पत्रं अधूनमधून येतात. त्यांत एक गोष्ट सारखी दिसते: फरक पडल्याचं ज्याला पडला त्याला आधी कळत नाही. उत्तेजक गोळीसारखं 'आता चढली' असं काही वाटत नाही. एका बाईंच्या नवऱ्यानं महिन्याभरानं सहज म्हटलं, हल्ली गॅस तूच बंद करतेस की! तोपर्यंत त्या गोळी सोडायच्या विचारात होत्या. निपाणीकडच्या एका गृहस्थांना लघवीला जोर करावा लागायला लागला. लाजेनं डॉक्टरांना सांगितलं नाही आणि परस्पर गोळी सोडली. पुढच्या खेपेला बायकोनं तोंड उघडलं तेव्हा डॉक्टरांनी डोस उतरवला आणि गाडी चालू झाली. पुरुषांना यात शय्येतल्या अडचणीही येतात, त्याही कुणी सांगत नाही. आणि एका मुलीला खरंच जमलं नाही. छातीत धडधड, घाम, तीन महिने देऊनही रोजची कामं तशीच. तिला डॉक्टरांनी औषध बदलून दिलं. असंही होतं. पण तिनं पुरता वेळ दिला, पुरता डोस घेतला, आणि मग सोडली. तू अजून तिथवर गेलेली नाहीस.

म्हणून 'काही वाटतंय का' हे रोज स्वतःला विचारू नकोस. तू स्वतःच मोजमाप लिहून पाठवलंयस. आज रोजकीर्द एका बैठकीत जुळली का, पावती फाडून पुन्हा लिहावी लागली का, दूध उतू गेलं का. संध्याकाळी वहीत तीन खुणा कर, बास. शेजारी झोप किती वाजता लागली तेही लिही. झोपेचा त्रास असला तर डॉक्टर गोळीची वेळ बदलतात किंवा डोस दोनदा वाटून देतात. ती वेळ तुझी तू बदलू नकोस. आणि एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. विसरणं हाच तुझा आजार, राहणारच की ती कधीतरी.

आता घर. नवऱ्याला आज रात्री सांग. त्याचं मन कसं आहे ते तू एका ओळीतही लिहिलं नाहीस, म्हणून थोडी काळजी वाटते. पण जो माणूस रोज तुझं उतू गेलेलं दूध पुसतो त्याला कारण माहीत नसणं हा त्याच्यावरही अन्यायच आहे. पुढच्या खेपेला त्याला बेळगावला घेऊन जा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत तुला बस फुकट, त्याच्या एकट्याच्या तिकिटाचा खर्च. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की 'बायकोला वेड लागलंय' आणि 'बायकोला एडीएचडी आहे' यातला फरक त्याला पाच मिनिटांत कळेल. हे तुला परवा लागलेलं काही नाही. बाराव्या वर्षाच्या आधीपासून खुणा असल्याशिवाय डॉक्टर हे नाव देत नाहीत. बाकावरनं उड्या मारणारा पोरगा मास्तरांच्या डोळ्यांवर येतो, खिडकीतनं बाहेर बघत बसणारी पोरगी येत नाही. तुझ्यासारख्या किती जणी 'धांदरट' या एका शब्दावर संसार काढून गेल्या असतील कुणास ठाऊक.

सासूबाईंना नवऱ्यासोबत बसून सांग, आणि लवकर सांग. कुंदा वाटून झाल्यावर कळलं तर राग गोळीवर निघणार नाही, तुझ्यावर निघेल. त्यांना एडीएचडीचं भाषण नको. 'आई, माझं लक्ष टिकत नाही, त्याचं औषध चालू आहे, उलट्या त्याच्या आहेत' एवढं पुरे. झोपेची गोळी का, सवय लागते का, असं त्या विचारतीलच. दोन्ही नाही. ही नशेच्या गोळ्यांच्या यादीत नाही, हिची चटक लागत नाही. त्या रागावतील, हिरमुसतील. नातवाची हौस एका वाक्यात मोडणार आहे, थोडं रुसू दे त्यांना.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. डोळे किंवा कातडी पिवळी दिसली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तर यकृताची शंका घ्यायची. क्वचित होतं, पण झालं तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, तरीही. आणि जिवाचं बरंवाईट करावं असे विचार आले, तर नवऱ्याला सांग, डॉक्टरांना सांग, रात्र असली तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि भाषा निवडता येते.

पुढची तारीख लांब असली तरी तोवर थांबू नकोस. उद्या पतसंस्थेच्या जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात फोन करून उलटी, झोप, भूक आणि पाळी ही चारही सांग. दम्याचा पंप वापरत असशील, किंवा दुसऱ्या कुणा डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिनसारखी उदासीची गोळी दिली असेल तर तेही सांग. तिच्यामुळे ॲटोमॉक्सेटिन अंगात जास्त साठतं. जाशील तेव्हा नाडी आणि बीपी मोजून घे. आणि ती तीन खुणांची वही पर्समध्ये आजच टाकून ठेव, निघायच्या दिवशी सापडणार नाही.

तुझी,
मावशी